विश्लेषण : लवाद म्हणून आला आणि मालक झाला! स्कॉटलंडचा राजा ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता?

मध्ययुगीन स्कॉटलंड म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना ‘ब्रेव्हहार्ट’ हा १९९५चा चित्रपट आठवतो. चेहऱ्याला निळा रंग फासलेला विल्यम वॉलेस आणि त्याच्यासमोर उभे ठाकलेले इंग्रज सैन्य. या चित्रपटातील स्टर्लिंग पुलाच्या लढाईत पूलच दिसत नाही, ही त्यातली गाजलेली चूक. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट पडद्यावर नीट येत नाही. हे युद्ध सुरू झाले ते वारसाहक्काच्या वादातून. स्कॉटलंडच्या गादीला थेट वारस उरला नाही, दावेदार पुढे सरसावले, निवाडा करण्यासाठी शेजारच्या राजाला बोलावले गेले आणि त्याने निवाड्याआधीच राज्यावर आपला वरचा हक्क सांगितला. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण एखाद्या देशाला किती महागात पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण. राजा कोण, यापेक्षा राजा ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचे उत्तर मिळवायला स्कॉटलंडला जवळपास ८० वर्षे लागली. आजही स्कॉटिश स्वातंत्र्याचा विषय निघाला की त्या काळातील कागदपत्रांचे दाखले दिले जातात. म्हणूनच हा संघर्ष नेमका काय होता, हे समजून घ्यायला हवे.

वादाची ठिणगी कशी पडली?

मार्च १२८६ मधील एका वादळी रात्री राजा अलेक्झांडर तिसरा एडिनबराहून फाइफमधील किंगहॉर्नकडे घोड्यावरून निघाला. तिथे त्याची नवविवाहित राणी योलांड होती. अंधारात तो सोबत्यांपासून वेगळा पडला आणि सकाळी त्याचा मृतदेहच सापडला. तो अवघा ४४ वर्षांचा होता. त्याची तिन्ही मुले १२८१ ते १२८४ या काळात वारली होती. उरली होती ती मुलीची मुलगी मार्गारेट. ती जेमतेम तीन वर्षांची आणि तीही वडिलांकडे, नॉर्वेत.

अशा वेळी राज्याचे तुकडे होणे सोपे होते. पण स्कॉटिश सरदारांनी आणि धर्मगुरूंनी स्कून येथे एकत्र येऊन सहा राज्यरक्षक निवडले. दोन बिशप, दोन अर्ल आणि दोन उमराव. त्यांनी स्वतंत्र राजमुद्रा तयार करून घेतली. तिच्यावर राजाऐवजी स्कॉटलंडचा संरक्षक संत अँड्र्यू होता. गादीवर कोणी बसलेले नसतानाही राज्य चालू आहे, असा त्या मुद्रेचा अर्थ होता. हे राज्यरक्षक ज्यांच्या वतीने कारभार करत होते, त्यांना तत्कालीन कागदपत्रांत ‘राज्याचा समुदाय’ म्हटले आहे. हा शब्दप्रयोग लक्षात ठेवायला हवा. पुढचा सगळा संघर्ष त्याच्याभोवती फिरतो.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड हा दिवंगत अलेक्झांडरचा मेहुणा. दोन्ही राज्यांचे संबंध त्या वेळी चांगले होते. एडवर्डचा मुलगा आणि छोटी मार्गारेट यांचा विवाह करावा, असे ठरले. १२९० मध्ये त्यासाठी बर्गम येथे तह झाला. लग्नानंतरही स्कॉटलंड वेगळा आणि स्वतंत्र राहील, त्याचे कायदे आणि चालीरीती अबाधित राहतील, स्कॉटिश माणसाला न्यायासाठी सीमेपलीकडे खेचले जाणार नाही, अशा अटी त्यात स्पष्ट लिहिल्या गेल्या. पण नॉर्वेहून येताना ऑर्कनी बेटांवर मार्गारेटचा मृत्यू झाला. लग्न मोडले आणि तहाचा आधारही गेला.

इंग्लंडचा दावा त्याआधी नव्हता का?

होता, पण कधीच निर्णायक ठरला नव्हता. ११७४ मध्ये स्कॉटलंडचा राजा विल्यम ‘द लायन’ इंग्रजांच्या हाती सापडला. सुटकेसाठी त्याला फालेझच्या तहावर सही करून इंग्लंडच्या राजाचे मांडलिकत्व स्वीकारावे लागले. पुढे ११८९ मध्ये रिचर्ड पहिला याला धर्मयुद्धासाठी पैसा हवा होता. त्याने १०,००० मार्क घेऊन तो तह रद्द केला. म्हणजे जे अधिराजत्व सक्तीने मिळवले होते, ते रोख रकमेच्या बदल्यात सोडून दिले.

यात गुंतागुंतीचा भाग वेगळाच होता. स्कॉटिश राजांच्या इंग्लंडमध्ये जमिनी होत्या. त्या जमिनींसाठी त्यांना इंग्लंडच्या राजापुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घ्यावी लागे. ही शपथ फक्त जमिनींपुरती की सगळ्या राज्यासाठी, हे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगत. १२७८ मध्ये अलेक्झांडर तिसऱ्याने एडवर्डला अशी शपथ दिली. ती केवळ इंग्लंडमधील जमिनींसाठी आहे, आपल्या राज्यासाठी आपण फक्त देवाला उत्तरदायी आहोत, अशी भूमिका त्याने घेतल्याची नोंद स्कॉटिश बाजूने आहे. इंग्रज बाजूच्या नोंदीत हा भाग नाही. जोवर दोन्ही राजे समजूतदार होते, तोवर ही संदिग्धता खपून गेली. एका बाजूला राजाच उरला नाही, तेव्हा तीच संदिग्धता दुसऱ्याच्या हातातले हत्यार बनली.

एडवर्डने निवाड्याची किंमत काय मागितली?

मार्गारेटच्या मृत्यूनंतर गादीवर तेरा जणांनी दावे दाखल केले. त्यातले खरे प्रबळ दोन. जॉन बॅलिओल आणि रॉबर्ट ब्रूस. (हा ब्रूस म्हणजे पुढे राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसचा आजोबा.) दोन्ही घराण्यांकडे मनुष्यबळ होते आणि यादवी अगदी उंबरठ्यावर होती. एडवर्ड हा कायद्याचा जाणकार राजा म्हणून युरोपभर ओळखला जाई. त्यामुळे त्याच्याकडे निवाडा सोपवणे त्या वेळी शहाणपणाचेच वाटले असणार.

मे १२९१ मध्ये सीमेवरील नॉरहॅम येथे बैठक भरली. एडवर्डने पहिलीच अट घातली. आधी मला स्कॉटलंडचा अधिराज म्हणून मान्य करा, मग निवाडा करतो. आपल्या दाव्याला पुरावे मिळावेत म्हणून त्याने इंग्लंडमधील मठांकडून जुन्या बखरींतील नोंदीही मागवल्या होत्या. स्कॉटिश प्रतिनिधींचे उत्तर चतुर होते. अशा हक्काची आम्हाला माहिती नाही. शिवाय, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार फक्त राजाला आहे आणि आत्ता राजाच नाही.

एडवर्डने यावर साधी युक्ती केली. राजाच उत्तर देऊ शकतो ना? मग जे राजे होऊ इच्छितात, त्यांनाच विचारू या. दावेदारांनी एकामागोमाग एक अधिराजत्व मान्य केले. जो नकार देईल तो स्पर्धेतून बाद होईल, ही भीती प्रत्येकाला होती. राज्याच्या समुदायाने जे द्यायला नकार दिला, ते गादीसाठी आसुसलेल्यांनी देऊन टाकले. राजकीय किल्लेही ‘तात्पुरते’ एडवर्डच्या ताब्यात गेले.

कायदा कोणाच्या बाजूने होता?

निवाड्याची प्रक्रिया मात्र काटेकोर होती. १०४ जणांचे मंडळ नेमले गेले. ४० बॅलिओलने सुचवलेले, ४० ब्रूसने आणि २४ एडवर्डच्या परिषदेतील. प्रमुख दावेदार हे अलेक्झांडरच्या आधीच्या पिढ्यांतील राजपुत्र डेव्हिड, अर्ल ऑफ हंटिंग्डन, याच्या मुलींचे वंशज होते. बॅलिओल थोरल्या मुलीचा नातू. ब्रूस दुसऱ्या मुलीचा मुलगा. प्रश्न असा की ज्येष्ठ शाखा महत्त्वाची की पिढीची जवळीक? बॅलिओल म्हणत होता, थोरलीचा वंश आधी. ब्रूसचे म्हणणे, मी पूर्वजाला एका पिढीने जवळ आहे.

तिसऱ्या मुलीचा वंशज जॉन हेस्टिंग्ज याने वेगळाच मुद्दा मांडला. राज्य ही इतर मिळकतीसारखीच मिळकत आहे, ती तिघी बहिणींच्या वंशजांत वाटून द्या. निकाल आपल्याविरुद्ध जाणार असे दिसू लागताच ब्रूसनेही हाच सूर लावला आणि तिसरा हिस्सा मागितला. राज्य अविभाज्य आहे, असे आधी सांगणारा तोच होता.

१७ नोव्हेंबर १२९२ रोजी बेरिकच्या किल्ल्यात निकाल लागला. राज्य अविभाज्य आहे आणि ते बॅलिओलला मिळावे. ज्येष्ठ शाखेच्या नियमानुसार हा निकाल योग्यच होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. खोट निकालात नव्हती. ती निकाल देणाऱ्याने आधी घेतलेल्या किमतीत होती. निकालानंतर राज्यरक्षकांची ती मुद्रा फोडून तिचे चार तुकडे करण्यात आले.

बॅलिओल नावापुरता राजा का ठरला?

३० नोव्हेंबर १२९२ रोजी बॅलिओल स्कून येथे गादीवर बसला. आठवडाभरातच बेरिकच्या एका नागरिकाने स्कॉटिश न्यायालयाच्या निकालाविरुद्ध एडवर्डकडे दाद मागितली. बर्गमच्या तहात याला स्पष्ट मनाई होती. एडवर्डने अपील दाखल करून घेतले आणि जुन्या आश्वासनांतून आपल्याला मुक्त करणारे लेखी पत्र बॅलिओलकडूनच घेतले. पुढे तर खुद्द बॅलिओलला इंग्लंडच्या संसदेपुढे एखाद्या पक्षकारासारखे हजर व्हावे लागले.

गंमत म्हणजे त्याच काळात एडवर्ड स्वतः नेमक्या याच जाचाला सामोरा जात होता. फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतासाठी तो फ्रेंच राजा चौथा फिलिप याचा मांडलिक होता. फिलिपने त्याला आपल्या दरबारात हजर राहण्याचे फर्मान काढले, तो गेला नाही, म्हणून १२९४ मध्ये प्रांत जप्त केला. जो नियम स्वतःला लागू झाल्यावर एडवर्ड युद्धाला उभा राहिला, तोच नियम तो स्कॉटलंडवर लादत होता.

या फ्रेंच युद्धासाठी त्याने स्कॉटलंडकडून सैन्य मागितले आणि संयम सुटला. १२९५ मध्ये स्कॉटिश सरदारांनी बारा जणांची परिषद नेमून कारभार राजाच्या हातून जवळपास काढून घेतला आणि फ्रान्सशी मैत्रीचा करार केला. एडवर्डचे उत्तर मार्च १२९६ मध्ये आले. स्कॉटलंडचे सर्वांत श्रीमंत व्यापारी शहर बेरिक लुटले गेले, तिथे नागरिकांची कत्तल झाली. डनबारच्या लढाईत स्कॉटिश सैन्य मोडले. जुलैमध्ये बॅलिओलने राज्य सोडले. त्याच्या अंगरख्यावरील राजचिन्हे जाहीरपणे फाडून काढली गेली. ‘रिकामा अंगरखा’ हे नाव त्याला कायमचे चिकटले.

एडवर्डने स्कूनचा दगडही लंडनला नेला. या वालुकाश्माच्या शिळेवर स्कॉटलंडच्या राजांचे राज्यारोहण होत असे. राज्याची दप्तरेही गेली. दीड हजारांहून अधिक स्कॉटिश जमीनदारांकडून निष्ठेच्या शपथा लिहून घेण्यात आल्या. नवा राजा नेमण्याचे मात्र एडवर्डने टाळले. त्याच्या दृष्टीने आता ते राज्य नव्हतेच, केवळ एक प्रांत होता.

वॉलेस नेमका कोणासाठी लढला?

१२९७ मध्ये उत्तरेत अँड्र्यू मरे आणि दक्षिणेत विल्यम वॉलेस यांनी उठाव केला. ११ सप्टेंबरला स्टर्लिंगजवळ दोघांनी एकत्र येऊन इंग्रज सैन्य गाठले. नदीवरचा लाकडी पूल इतका अरुंद होता की जेमतेम दोन घोडेस्वार शेजारी-शेजारी जाऊ शकत. सगळे गणित या रुंदीत होते. पलीकडे सैन्य कितीही मोठे असो, अलीकडे एका वेळी उतरणारे थोडेच असणार. पेलता येईल इतके सैन्य येऊ दिल्यानंतर स्कॉटिश भालाईतांनी पुलाचे टोक अडवले. जे पार आले ते कापले गेले, जे पलीकडे होते ते बघत राहिले.

विजयानंतर महिनाभरात दोघांनी ल्युबेक आणि हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र पाठवले. स्कॉटलंड पुन्हा खुला आहे, व्यापाराला या, असा त्याचा आशय. रणांगणावरून परतलेल्या सेनापतींना लगेच बंदरांची आणि जकातीची आठवण व्हावी, यातच ते केवळ बंडखोर नव्हते हे दिसते. पत्रात त्यांनी स्वतःची ओळख स्कॉटलंडच्या सैन्याचे आणि राज्याच्या समुदायाचे नेते अशी करून दिली. जखमी मरे लवकरच वारला. वॉलेस राज्यरक्षक झाला, तोही पदच्युत राजा जॉन बॅलिओलच्या नावाने. स्वतःसाठी त्याने गादी मागितली नाही.

जुलै १२९८ मध्ये फॉल्कर्कला वॉलेसचा पराभव झाला. लांब भाल्यांची वर्तुळाकार रचना घोडदळाला पुरून उरे, पण स्थिर उभ्या माणसांवर दुरून बाण पडू लागले की तिचाच सापळा होई. इंग्रज धनुर्धाऱ्यांनी तेच केले. तरी प्रतिकार आणखी सहा वर्षे चालला. स्कॉटिश वकिलांनी रोममध्ये पोपपुढे बाजू मांडली आणि १२९९ मध्ये पोप बोनिफेस आठवा याने एडवर्डच्या दाव्याला आक्षेप घेतला. पण १३०३ मध्ये फ्रान्सने स्कॉटलंडला वगळून इंग्लंडशी तह केला आणि आधार तुटला. १३०४ मध्ये बहुतेक सरदार शरण गेले. स्टर्लिंगच्या किल्ल्यातील तुकडी शरण यायला तयार झाली, तेव्हाही एडवर्डने तिला थांबवून ठेवले. ‘वॉरवुल्फ’ नावाचे दगडफेकीचे महाकाय यंत्र नुकतेच तयार झाले होते आणि त्याला ते चालवून पाहायचे होते.

वॉलेस १३०५ मध्ये पकडला गेला. लंडनमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. आपण एडवर्डला कधी निष्ठेची शपथच दिली नाही, तर द्रोह कसला, असा त्याचा बचाव होता. कायद्याच्या कसोटीवर हा मुद्दा बिनतोड होता. २३ ऑगस्ट रोजी त्याला हाल करून ठार मारण्यात आले.

रॉबर्ट ब्रूस : मुक्तिदाता की संधिसाधू?

दोन्ही. १२९६ मध्ये ब्रूस घराणे एडवर्डच्या बाजूने होते. १२९७ मध्ये धाकटा ब्रूस उठावात उतरला, पुढे राज्यरक्षक झाला आणि १३०२ मध्ये पुन्हा एडवर्डला शरण गेला. बॅलिओल परतला तर आपल्या घराण्याचा दावा कायमचा संपेल, हे त्याचे भय होते. १० फेब्रुवारी १३०६ रोजी डम्फ्रीजच्या चर्चमध्ये त्याची बॅलिओलच्या गटाचा नेता जॉन कॉमिन याच्याशी भेट झाली. भेटीत वाद झाला आणि ब्रूसच्या हातून, चर्चच्या आत, कॉमिनवर वार झाले. कॉमिन मारला गेला.

आता मागे फिरणे अशक्य होते. २५ मार्चला ब्रूस स्कून येथे राजा झाला. दगड लंडनमध्ये होता. राजाला आसनावर बसवण्याचा परंपरागत मान फाइफच्या अर्लचा, पण तो इंग्रजांच्या ताब्यात होता. त्या घराण्यातील इझाबेला, बुखनची काउंटेस, हिने हा विधी पार पाडला. याची शिक्षा म्हणून एडवर्डने पुढे तिला बेरिकच्या किल्ल्यात पिंजऱ्यात ठेवले.

राज्यारोहणानंतर तीन महिन्यांतच मेथवेनला ब्रूसचा पराभव झाला. त्याचे तीन भाऊ फासावर गेले, पत्नी आणि मुलगी कैदेत पडल्या, पोपने त्याला धर्मबहिष्कृत केले. पण १३०७ मध्ये एडवर्ड सीमेजवळच वारला आणि त्याचा मुलगा दुसरा एडवर्ड घरच्या भांडणांत अडकला. ब्रूसने आधी स्वकीय विरोधकांना संपवले. कॉमिन घराण्याचा बुखन प्रदेश त्याने असा उद्ध्वस्त केला की त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली. स्वातंत्र्ययुद्धाचा हा भाग खरे तर यादवीचा होता. इंग्रजांकडून जिंकलेले किल्ले तो ताब्यात ठेवण्याऐवजी पाडून टाकी. शत्रूला पुन्हा पाय रोवायला जागा राहू नये, एवढाच हिशेब.

जून १३१४ मध्ये बॅनकबर्नला निर्णायक लढाई झाली. सैन्याच्या आकड्यांबाबत मतभेद असले तरी इंग्रज सैन्य बरेच मोठे होते, यावर एकमत आहे. ब्रूसने त्यांना ओढा आणि दलदलीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गाठले. फॉल्कर्कला जागच्या जागी उभी राहिलेली भालाईतांची रचना या वेळी चालत पुढे सरकली. दुसरा एडवर्ड पळाला. हाती लागलेल्या एका बड्या इंग्रज अर्लच्या बदल्यात ब्रूसची पत्नी आणि मुलगी सुटून आल्या.

आर्ब्रोथच्या पत्रात असे काय आहे?

लढाई जिंकली तरी राजा म्हणून मान्यता मिळेना. पोपच्या दूतांनी आणलेल्या पत्रांवर ‘राजा’ हा उल्लेख नाही म्हणून ब्रूसने ती उघडण्यासही नकार दिला होता. अखेर ६ एप्रिल १३२० या तारखेचे एक लॅटिन पत्र पोप जॉन बावीसावा याला पाठवले गेले. पत्र राजाचे नव्हते. आठ अर्ल आणि तीसहून अधिक उमरावांची नावे घेऊन, राज्याच्या समुदायाच्या वतीने ते लिहिलेले होते. हेच ‘आर्ब्रोथचे घोषणापत्र’.

त्यातील सर्वांत धीट भाग ब्रूसविषयीच आहे. त्याने आम्हाला वाचवले, म्हणून तो आमचा राजा. पण उद्या त्यानेच राज्य इंग्रजांच्या अधीन करायचे ठरवले, तर त्याला हाकलून आम्ही दुसरा राजा निवडू, असा त्याचा आशय आहे. राज्य ही राजाची खासगी मिळकत नाही, ती देऊन टाकण्याचा हक्क त्याला नाही. नॉरहॅमला दावेदारांनी जे केले, त्यावरचे हे उशिरा आलेले पण स्पष्ट उत्तर होते.

अर्थात याकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. हे पत्र ब्रूसच्याच दरबाराच्या आशीर्वादाने तयार झाले, असे इतिहासकार मानतात. बॅलिओलकडून आलेली गादी आपण का घेतली, याचे समर्थनही त्यात लपलेले आहे. नालायक राजाला काढता येते, हे तत्त्व ब्रूसच्या सोयीचेच होते. त्याच वर्षी त्याच्याविरुद्धचा कट उघडकीस आला आणि कटवाल्यांमध्ये या पत्राशी नाव जोडलेले उमरावही होते. ‘राज्याचा समुदाय’ म्हणजे आजची जनता नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. त्यात बिशप होते, सरदार होते, काही शहरांचे प्रतिष्ठित होते. शेतात राबणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. तरीही सोयीसाठी लिहिलेली तत्त्वे कधी कधी लिहिणाऱ्याच्या घराण्यावरच उलटतात. स्कॉटलंडमध्ये तेच झाले.

मान्यता मिळाली, पण टिकली का?

१३२७ मध्ये दुसरा एडवर्ड पदच्युत झाला. १३२८च्या एडिनबरा-नॉर्थॅम्प्टन तहाने इंग्लंडने स्कॉटलंडवरील सगळे दावे सोडले आणि ब्रूसला स्वतंत्र राजा म्हणून मान्य केले. त्यासाठी स्कॉटलंडने २०,००० पौंड देण्याचे कबूल केले. चार वर्षांच्या डेव्हिड ब्रूसचे सात वर्षांच्या इंग्रज राजकन्येशी लग्न लागले. स्कूनचा दगड परत करण्याचा हुकूमही निघाला, पण लंडनकरांनी तो नेऊ दिला नाही.

ब्रूस ७ जून १३२९ रोजी वारला. सहाच दिवसांनी पोपने स्कॉटलंडच्या राजांना पवित्र तेलाच्या अभिषेकाचा अधिकार दिला. इंग्लंड-फ्रान्सच्या राजांना असलेला हा मान स्कॉटिश राजांना तोवर नाकारला गेला होता. ज्यासाठी आयुष्य घालवले, तो सन्मान ब्रूसऐवजी त्याच्या सात वर्षांच्या मुलाला, दुसऱ्या डेव्हिडला, १३३१ मध्ये मिळाला.

शांतता मात्र चारच वर्षे टिकली. तिसऱ्या एडवर्डच्या पाठबळावर बॅलिओलचा मुलगा एडवर्ड बॅलिओल १३३२ मध्ये चालून आला, स्कूनला राजा झाला आणि दक्षिणेकडचे जिल्हे त्याने इंग्लंडला देऊन टाकले. डेव्हिडला फ्रान्समध्ये आसरा घ्यावा लागला. तो १३४१ मध्ये परतला, पण १३४६ मध्ये नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला आणि ११ वर्षे कैदेत राहिला. या काळात राज्य राजाशिवाय चालले. १२८६ मध्ये जे शिकले होते, ते उपयोगी पडले. १३५७ मध्ये १,००,००० मार्कांच्या खंडणीवर डेव्हिड सुटला.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. डेव्हिडला मूल नव्हते आणि खंडणीचे हप्ते डोईजड झाले होते. १३६३ मध्ये त्याने लंडनमध्ये बोलणी केली. खंडणी माफ होणार होती, दगडही परत मिळू शकत होता. बदल्यात डेव्हिडनंतर स्कॉटलंडची गादी इंग्लंडच्या राजघराण्याकडे जाणार होती. मार्च १३६४ मध्ये स्कॉटिश संसदेपुढे प्रस्ताव आला आणि तिने तो फेटाळला. ज्याच्या नावाने आर्ब्रोथचे पत्र लिहिले गेले, त्या ब्रूसच्या मुलालाच राज्याच्या समुदायाने नाही म्हटले. कोणाचे डोके उडाले नाही, कोणी हाकलला गेला नाही. डेव्हिड राजा राहिला, फक्त राज्य त्याने कोणाला द्यायचे हे त्याच्या हातात उरले नाही. बॅनकबर्नचा विजय जास्त गाजला, पण ८० वर्षांच्या वादाचे उत्तर या शांत नकारात मिळाले.

आज हा इतिहास महत्त्वाचा का?

१६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला. म्हणजे अखेर एक राजा झाला, पण तो स्कॉटिश घराण्यातला. १७०७ मध्ये दोन्ही संसदांचे विलीनीकरण झाले. स्कूनचा दगड ७०० वर्षांनी, १९९६ मध्ये, स्कॉटलंडला परतला. तत्पूर्वी १९५० च्या नाताळात काही स्कॉटिश विद्यार्थ्यांनी तो वेस्टमिन्स्टर अॅबेतून पळवला होता आणि काही महिन्यांनी तो मिळाला तो आर्ब्रोथच्या मठात. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी तो लंडनला नेऊन परत आणला गेला आणि २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे.

मूळ प्रश्नही जिवंत आहे. १९५३ मध्ये स्कॉटलंडचे ज्येष्ठ न्यायाधीश लॉर्ड कूपर यांनी एका खटल्यात, संसदेचे अमर्याद सार्वभौमत्व हे इंग्लिश तत्त्व आहे, स्कॉटिश घटनात्मक कायद्यात त्याला आधार नाही, असे मत नोंदवले होते. २०१४च्या सार्वमतात ५५ टक्के मतदारांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा कौल दिला. दुसरे सार्वमत घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला स्वतःहून आहे का, यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकमताने नाही असे उत्तर दिले. स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावे की नाही, हा तेथील मतदारांचा प्रश्न. पण तो विचारण्याची परवानगी कोणी द्यायची, यावरच वाद अडावा, हे १२९१ची आठवण करून देणारे आहे. फरक इतकाच, की आता तलवारीच्या जागी न्यायालय आणि मतपेटी आहे. हा फरक लहान नाही.

यातून निघणारा धडा स्कॉटलंडपुरता मर्यादित राहत नाही. घरातल्या वादात बलाढ्य शेजाऱ्याला मध्यस्थ करणे कधी कधी अपरिहार्य असते. पण मध्यस्थाने काम सुरू करण्याआधीच हक्कसोडपत्र मागितले, तर तो मध्यस्थ राहत नाही. बर्गमचा तह उत्तम लिहिलेला होता. त्याने स्कॉटलंडला वाचवले नाही, कारण त्याच्या रक्षणासाठी उभे राहण्याऐवजी दावेदार गादीच्या मागे लागले. पुढे राज्य वाचले ते एकट्या वॉलेसच्या शौर्याने वा ब्रूसच्या मुत्सद्देगिरीनेही नाही. गादी रिकामी असो, राजा कैदेत असो किंवा राजाच तडजोडीला तयार झालेला असो, राज्य त्याच्यापेक्षा मोठे आहे असे मानणारी माणसे प्रत्येक पिढीत पुरेशी निघाली, म्हणून ते वाचले.